शाळेचे वर्ष कोणाच्या सोयीचे?

शाळेचे वर्ष केव्हा सुरू व्हावे, हा प्रश्न वरकरणी कारकुनी वाटतो. आमच्या मते तो न्यायाचा प्रश्न आहे. म्हणूनच त्याविषयी स्पष्ट लिहिणे आम्हांला अगत्याचे वाटते.

महाराष्ट्रातील राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यास उघडतात. २०२५ साली त्या १६ जूनला उघडल्या. विदर्भात मात्र उन्हाचा ताप ध्यानी घेऊन २३ जूनला. एकाच राज्यातसुद्धा हवामान पाहून तारीख ठरते, हे शहाणपणच होय. परंतु त्याच वर्षी केंद्रीय मंडळाच्या धर्तीवर अभ्यासक्रम आखण्याचे शासनाने जाहीर केले आणि त्यासोबत शाळांचे वर्षही १ एप्रिलपासून सुरू करण्याचा विचार पुढे आला. या विचाराला आमचा विरोध आहे.

समर्थक म्हणतात, अध्यापनाला अधिक दिवस मिळतील. ते कोठून मिळणार? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस निश्चित केले आहेत. माध्यमिक शाळा संहितेनुसार वर्षभरातील सुट्ट्या ७६ दिवसांहून अधिक होऊ शकत नाहीत. आरंभाची तारीख बदलल्याने या हिशेबात एका दिवसाचीही भर पडत नाही. शेजारच्या गोव्याने २०२५ साली सहावीपुढील बहुतेक वर्ग ७ एप्रिलला सुरू केले. झाले काय? एप्रिलात सकाळचे अर्धे सत्र, मग मे महिन्याची सुट्टी, आणि जूनमध्ये पुन्हा श्रीगणेशा! नाराज पालकांनी उच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली.

पण उन्हाहूनही मोठा प्रश्न वेगळाच आहे. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याची आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामासाठी खाली उतरतात आणि पावसाच्या तोंडावर आपल्या पाड्यांवर परततात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार गळीत हंगाम आटोपल्यावरच गावी येतात. या मुलांचे मागील वर्ष आधीच तुटलेले असते. निदान जूनमध्ये तरी ती इतरांच्या बरोबरीने, त्याच दिवशी, नव्या वर्गात पाऊल ठेवू शकतात. एप्रिलच्या पहिल्या दिवशी हजेरीपट उघडला, तर त्यांची नावे आरंभापासूनच गैरहजरांत जातील. कायद्याने त्यांना पुढे केव्हाही प्रवेश मिळेल, हे खरे. परंतु उशिरा आलेले मूल मागच्या बाकावर बसते आणि पुढे तेथूनच शाळा सोडते.

दुसरा युक्तिवाद राष्ट्रीय प्रवेश परीक्षांचा. वैद्यकीय व अभियांत्रिकी परीक्षांत आपली मुले मागे पडू नयेत, ही पालकांची चिंता रास्त आहे. मात्र त्या परीक्षा बारावीच्या टप्प्यावर येतात. त्यांच्यासाठी सहा वर्षांच्या बालकाने एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या छपराखाली का बसावे? दर्जा सुधारायचा असेल, तर शिक्षकांची रिक्त पदे भरावीत आणि त्यांच्यावरील अशैक्षणिक कामांचा बोजा उतरवावा.

एकसमानता म्हणजे प्रगती, हाही एक भ्रमच आहे. जर्मनीची सोळा घटक राज्ये उन्हाळी सुट्टी एकाच दिवशी सुरू करीत नाहीत. म्हणून तेथील शिक्षण मागासले असे कोणी म्हणत नाही. जपानी शाळांचे वर्ष एप्रिलात सुरू होते खरे, पण तेथे तेव्हा वसंत असतो. दिल्लीला पाऊस जूनच्या अखेरीस पोहोचतो, कोकणात तो महिन्याच्या पूर्वार्धातच येतो. मग दोहोंचे वेळापत्रक एक कशासाठी?

वाचकहो, आपल्यातील अनेकांची मुले आज केंद्रीय मंडळाच्या शाळांत जातात. त्यांना या बदलाची झळ लागणार नाही, म्हणून आपण गप्प राहावे काय? धर्मग्रामाच्या शाळा मुळात ज्यांना अन्यत्र दार उघडे नव्हते, त्यांच्यासाठीही उघडल्या गेल्या. त्या शाळांच्या व्यवस्थापनांनी आणि पालक-शिक्षक संघांनी जूनच्या आरंभाच्या बाजूने ठराव करावेत, ते शिक्षणाधिकाऱ्यांकडे धाडावेत आणि त्यात वीटभट्टीवरील मुलांचा उल्लेख अवश्य करावा. त्यांचे पालक असा ठराव लिहून पाठवू शकत नाहीत. आपण पाठवू शकतो.