धानाचे पंचांग आणि टीव्हीचे रिचार्ज

१. भारतीय दूरचित्रवाणीचा इतिहास समाजमाध्यमांवर सांगितला जातो, तेव्हा त्याचे चार टप्पे ठरलेले असतात : दूरदर्शन, केबल, डीटीएच आणि ओटीटी. भंडारा जिल्ह्यातील कौलांवर आणि स्लॅबवर उभ्या असलेल्या एका वस्तूला या मांडणीत जागाच मिळत नाही. ती वस्तू म्हणजे डीडी फ्री डिशची छत्री. हा धागा त्या वगळलेल्या छत्रीविषयी आहे.

२. सशुल्क टीव्ही बंद करून स्वस्त पर्याय स्वीकारणे ही शहरी मोबाइल पिढीची चाल आहे, असे एक मत प्रचलित आहे. खेड्यातील फुकटची छत्री ही केवळ दारिद्र्याची खूण आहे, असे दुसरे मत आहे. दोन्ही मते इतिहासाच्या कसोटीला उतरत नाहीत. पवनी, लाखांदूर किंवा मोहाडी तालुक्यातील एखादे कुटुंब मासिक रिचार्ज थांबवते, तेव्हा ते एक जुना आणि पक्का हिशेब मांडत असते.

३. हा हिशेब धानाचा आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील या जिल्ह्यात पावसाळ्यात रोवणी होते, दिवाळीच्या मागेपुढे कापणी, मग मळणी आणि त्यानंतर आधारभूत खरेदी केंद्रावर विक्री. पैसा हाती येतो तो चुकारे झाल्यावर. चुकारे थकल्याच्या बातम्या या भागाला नव्या नाहीत. ज्या घरात रोख रक्कम वर्षातून एकदा, फार तर उन्हाळी धान असल्यास दोनदा येते, त्या घराला दर महिन्याची वर्गणी जड जाते. मासिक वर्गणी ही पगारदाराची कालगणना आहे.

४. ‘या लोकांना मनोरंजनासाठी पैसे मोजायचेच नाहीत’ या आरोपाला झाडीपट्टी रंगभूमी पुरेसे उत्तर देते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई भरते, शंकरपट होतात आणि त्यांच्या जोडीने रात्रभर नाटके रंगतात. प्रेक्षक तिकीट काढून मंडपात बसतो. येथला रसिक पैसे देतो. ते कधी द्यायचे, हे मात्र पीक ठरवते. नाटक कंपन्यांनी हे पंचांग ओळखले. टीव्हीच्या कंपन्यांनी ते कधी वाचलेच नाही.

५. प्रसारणासाठी घराने पैसे मोजण्याची प्रथा केबलच्या आधीची आहे. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्यानुसार रेडिओ बाळगण्यास परवाना लागे आणि त्याचे शुल्क वर्षातून एकदा टपाल कचेरीत भरले जाई. नागपूर आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले, तेव्हा भंडाऱ्यातील श्रोताही हेच शुल्क भरून ऐकत होता. रेडिओ-टीव्हीचा हा घरगुती परवाना विसाव्या शतकाच्या नवव्या दशकाच्या मध्यास रद्द झाला. म्हणजे राज्यसंस्थेने वर्गणी सोडली आणि अवघ्या काही वर्षांत बाजाराने ती पुन्हा सुरू केली.

६. श्रोत्याने दुसरी वाट धरली की व्यवस्था बदलते, याचा पुरावा त्याच काळात सापडतो. बा. वि. केसकर १९५२ मध्ये माहिती व प्रसारण मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. देशभरच्या श्रोत्यांनी निषेधाची सभा घेतली नाही. त्यांनी सुई रेडिओ सिलोनकडे वळवली. अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ तेथूनच घराघरात पोहोचली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. वाहिनी बदलणे हीदेखील एक राजकीय कृती असते.

७. उपग्रहाद्वारे टीव्ही भारतात प्रथम आला तो खेड्यासाठी आणि विनामूल्य. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांना अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून थेट कार्यक्रम दाखवले गेले. महाराष्ट्र त्यात नव्हता. परंतु भंडाऱ्याच्या पूर्वेला, तेव्हाच्या मध्य प्रदेशातील रायपूर परिसरातील गावे होती. गावाच्या चौकात सामूहिक संच आणि त्यावर शेती, आरोग्य व शिक्षण, अशी त्याची रचना होती. छत्रीचे मूळ शोधायचे तर ते येथे सापडते.

८. १९९१ च्या आखाती युद्धानंतर परदेशी उपग्रह वाहिन्या आल्या. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाला आणि केबलचे जाळे गावोगाव पसरले. त्या काळातील केबलवाला ओळखीचा असे. दोन महिने पैसे थकले तरी तो धान विकेपर्यंत थांबे. हा व्यवहार अनौपचारिक होता, अनेकदा बेहिशेबी होता, पण तो पिकाच्या चालीने चालत असे.

९. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात निर्णय दिला. मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे मराठी होते. त्या निकालाचा गाभा असा : प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर जनहितासाठी व्हावा. तिच्यावर सरकारची मक्तेदारी मान्य नाही, तशी धनिकांचीही नाही. फ्री डिशविषयी बोलताना हा निकाल विसरणे म्हणजे मालकाला याचक समजणे होय.

१०. १६ डिसेंबर २००४ रोजी प्रसार भारतीने ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही सेवा सुरू केली. तिचेच पुढे ‘डीडी फ्री डिश’ असे नामांतर झाले. छत्री आणि सेट-टॉप बॉक्स एकदाच विकत घ्यायचा, त्यानंतर मासिक शुल्क नाही. धान विकल्यावर एकदा खर्च करायचा आणि पुढच्या रोवणीची चिंता करायची. तंत्रज्ञांनी कदाचित हे पाहिले नसेल, पण ही रचना धानउत्पादक घराच्या पंचांगाशी तंतोतंत जुळली.

११. त्यानंतर केबलचे सक्तीचे डिजिटलीकरण आले. ग्रामीण भागाचा समावेश असलेल्या चौथ्या टप्प्याची अंतिम मुदत ३१ मार्च २०१७ होती. जुनी अ‍ॅनालॉग केबल गेली आणि तिच्याबरोबर उधारीही गेली. सशुल्क डीटीएचमध्ये तर पैसा आधी, चित्र नंतर. तारीख उलटली की पडदा काळा. ऐन रोवणीत, जेव्हा मजुरी, खते आणि औषधे यांतच घरातली रोकड संपते, तेव्हा हा पडदा काळा होतो. पारदर्शकतेच्या नावाने आलेल्या सुधारणेने गरीब ग्राहकाची सवड काढून घेतली.

१२. २०१९ च्या आरंभी ‘ट्राय’ची नवी दरपद्धती लागू झाली. पहिल्या १०० वाहिन्यांसाठी १३० रुपये, त्यावर १८ टक्के कर. एकूण १५३ रुपये ४० पैसे दरमहा. वर्षाला १,८४० रुपये ८० पैसे. सशुल्क वाहिन्यांची किंमत त्यात धरलेलीच नाही. ज्या वाहिन्या आकाशातून फुकट येतात, त्या पाहण्यासाठीही हे भाडे होते. एका वर्षाच्या या भाड्यात फ्री डिशची छत्री साधारणपणे बसते. हा हिशेब मांडायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

१३. परिणाम देशभर दिसला. २०२१ च्या सुमारास सशुल्क डीटीएचचे जवळपास ७ कोटी सक्रिय ग्राहक होते. मार्च २०२५ पर्यंत ती संख्या ५.७ कोटींच्या आसपास आली. या गळतीचे सारे श्रेय मोबाइलला देणारे लेखक कौलांकडे पाहण्याचे टाळतात.

१४. ‘मग ओटीटी घ्यावे’ हा सल्ला सोपा आहे. आयपीएलचे सामने २०२३ मध्ये एका मोबाइल मंचावर फुकट दाखवले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या मंचाचे विलीनीकरण होऊन जिओहॉटस्टार निर्माण झाले आणि वर्गणी परत आली. जुलै २०२४ मध्ये मोबाइलचे रिचार्जही महागले. बाजारातील फुकट हे आमिष असते. सवय लागली की किंमत लागते. शिवाय एक मोबाइल एका हातात मावतो. संध्याकाळी आजी, सून आणि नातवंडे एकत्र पाहतात तो टीव्ही.

१५. सार्वजनिक प्रसारणाची खरी परीक्षा २०२० च्या टाळेबंदीत झाली. शाळा बंद होत्या. ‘ऑनलाइन शिक्षण’ हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी होता, पण प्रत्येक घरात स्मार्टफोन नव्हता. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. छत्री असलेल्या घरात ती रिचार्जशिवाय दिसत होती. दारिद्र्याची खूण म्हणून हिणवलेल्या त्या वस्तूने तेव्हा शाळेचे काम केले.

१६. एक आक्षेप गंभीर आहे. सरकारी मंच म्हणजे सरकारी आवाज. आणीबाणीतील आकाशवाणी ज्याने वाचली आहे, त्याला हा आक्षेप फेटाळता येणार नाही. १९९० चा प्रसार भारती कायदा १९९७ मध्ये अमलात आला. स्वायत्तता कागदावर आली, व्यवहारात ती सतत तपासावी लागते. पण ग्रंथालयात एकाच विचाराची पुस्तके आली म्हणून ग्रंथालय जाळत नाहीत, पुस्तके मागतात. सशुल्क वाहिन्याही निःपक्षपाती असल्याचा दाखला कोणी दिलेला नाही. तेथे फक्त पक्षपाताचे पैसे प्रेक्षकाकडून घेतले जातात.

१७. खरी उणीव दुसरीकडे आहे. फ्री डिशवरील खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात आणि तेथे हिंदी मनोरंजन व हिंदी चित्रपट यांचे पारडे जड असते. बड्या समूहांच्या हिंदी वाहिन्या २०१९ मध्ये निघून गेल्या, २०२० मध्ये परतल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा निघून गेल्या. प्रेक्षकाला कोणी विचारले नाही. सह्याद्रीबरोबर काही खासगी मराठी वाहिन्या आल्या, हे चांगलेच झाले. पण झाडीबोली कोठे आहे? दंडार कोठे आहे? झाडीपट्टीचे नाटक भंडाऱ्याच्या छत्रीत का दिसू नये? १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात असलेला हा जिल्हा भाषेच्या आधारावर मराठी राज्यात आला. त्याच्या छतावरील आकाश मात्र अजून बहुतांशी हिंदीच आहे.

१८. म्हणून मागणी स्पष्ट असावी. फ्री डिशला सवलत समजू नये. सार्वजनिक ग्रंथालयासारखा तो हक्क मानावा. लिलावाच्या उत्पन्नातून प्रादेशिक भाषांचे आणि लोककलांचे कार्यक्रम निर्माण व्हावेत. नागपूरच्या केंद्रांना पूर्व विदर्भाच्या बोलींसाठी निश्चित वेळ आणि निधी मिळावा. मासिक शुल्काच्या मागच्या दाराने ही सेवा कधी बंद होऊ लागली, तर तो ग्रामीण नागरिकत्वावरचा आघात मानावा.

१९. इतिहासाच्या तरुण अभ्यासकांसाठी एक काम उरते. आजोबांच्या पेटीतील रेडिओ परवान्याची पुस्तिका, केबलवाल्याची हस्तलिखित पावती, रिचार्ज संपल्याचा मोबाइल संदेश, छत्री घेतल्याचे बिल : हे सारे दस्तऐवज आहेत. ते रद्दीत जाण्यापूर्वी जपावेत, त्यांवर तारीख आणि गाव लिहावे. राजांच्या सनदा जपणाऱ्या पिढीने प्रजेच्या पावत्याही जपल्या, तरच उद्या कोणी विचारील तेव्हा सांगता येईल की भंडाऱ्याने टीव्ही सोडला नव्हता; त्याने फक्त दुसऱ्याच्या पंचांगाप्रमाणे पैसे मोजणे थांबवले होते.

(धागा समाप्त)