उलगडता येणारे घर

'पर्यावरणपूरक घर' हा शब्दप्रयोग अलीकडे इतका सैल झाला आहे, की दर्शनी भिंतीला जांभा लावला तरी तो लागू पडतो. आमची कसोटी निराळी आहे: ते घर उद्या उलगडता येईल काय? ('पडवी', 'माजघर' या शब्दांना वर्गात टीप द्यावी लागते, त्यामुळे हा विषय आम्हांस अगदीच परका नाही.)

आमच्यापैकी एकाचे रत्नागिरीजवळचे आजोळचे घर गेल्या उन्हाळ्यात उतरवले. गवंडी 'पाडले' म्हणतच नव्हता. मातीत रचलेले चिरे एकेक करून सुटे झाले. वासे, कौले शेजाऱ्यांच्या गोठ्यावर गेली. मागाहून जोडलेली खोली मात्र सिमेंटातली. तिथे सांधा सुटेना, चिराच फुटे. उरला तो राडारोडा. सांधा दगडापेक्षा मऊ हवा. माती आणि चुना तसे असतात, सिमेंट नसते.

लॉरी बेकर यांनी केरळात पाडलेल्या इमारतींची दारे, खिडक्या, कौले नव्या घरांत बसवली. 'रॅट-ट्रॅप' रचनेच्या पोकळ भिंतींनी सुमारे २५ टक्के विटा वाचवल्या. २००७ साली ते गेले. आमच्या पाहण्यातल्या बंगल्यांनी त्यांची जाळीदार भिंत तेवढी उचलली.

शाकारणीला माणसे मिळत नाहीत, वाळवी लागते, या तक्रारी खऱ्या आहेत. त्यांवर आमच्यापाशी उत्तर नाही. तरीही सिमेंटात चिणलेल्या जांभ्याला 'पारंपरिक' म्हणणे आम्हांस मान्य नाही. आजोळचे चिरे सध्या अंगणात रचून ठेवले आहेत.