लेखणीचा नित्यनेम

आज नाताळ. प्रस्तुत लेखकाचे आयुष्य देवळाच्या सभामंडपात, टाळमृदंगाच्या सान्निध्यात गेले; तरी या सणाच्या निमित्ताने ख्रिस्ती भक्तांशी दोन शब्द बोलताना त्याला परकेपणा वाटत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी कीर्तन केले, अभंग रचले. त्यामुळे आमचे आणि त्यांचे नाते एकाच घराण्यातील मंडळींचे आहे असे आम्ही मानतो.

ख्रिस्ती स्नेह्यांकडून एक तक्रार वरचेवर कानी येते. कोणी शिक्षक असतो, कोणी रुग्णालयात परिचारिका, कोणी दोन लेकरांची आई. पहाटे शास्त्रपाठ करताना एखादे वचन मनात रुतते, ते स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवावेसे वाटते, चार सोबत्यांना वाचून दाखवावेसे वाटते. उत्साहाने आरंभ होतो. नवी वही येते, आणि अलीकडे वहीच्या जागी मोबाइल येतो. पुढे परीक्षा, रात्रपाळी, आजारपण, पाहुणे यांत खंड पडतो आणि मग एकच उत्तर मिळते: ‘सवड नाही. निवृत्त झाल्यावर पाहू.’

हे उत्तर मला मान्य नाही. ज्याने सवड मिळेपर्यंत भक्तिलेखन राखून ठेवले, त्याने ते टाकलेच असे समजावे.

आमच्या तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत एक विलक्षण अनुवाक आहे. ऋत, सत्य, तप, दम, शम, अग्निहोत्र, अतिथी, लोकव्यवहार, संतती अशी माणसाची कर्तव्ये तेथे एकामागून एक सांगितली आहेत, आणि प्रत्येक कर्तव्याला स्वाध्याय व प्रवचन ही जोडी पुनःपुन्हा लावली आहे. येथे संस्कृतच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असा एक इवलासा शब्द आहे, तो म्हणजे ‘च’. ऋषी अतिथी गेल्यानंतरचा स्वाध्याय सांगत नाही, किंवा मुले मोठी झाल्यानंतरचाही नाही. अतिथी आणि स्वाध्याय, संतती आणि स्वाध्याय असे त्याचे म्हणणे आहे. संसाराचा गलबला त्याने गृहीतच धरला आहे.

ख्रिस्ती शास्त्रातही हेच दिसते. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात कफर्णहूमची ती संध्याकाळ वाचावी. सारे नगर दाराशी लोटले आहे, रोग्यांची रीघ लागली आहे. अशा दिवसानंतर येशू भल्या पहाटे, अंधार असतानाच उठून एकांती प्रार्थनेला जातो. शिष्य शोधत येतात आणि सांगतात की सर्व लोक तुमचा शोध करीत आहेत. म्हणजे गर्दी सरली नव्हती; गर्दीच्या दोन लाटांमधील ती पहाट होती. आणि ज्या लूकच्या लेखणीतून बेथलेहेमच्या मेंढपाळांची कथा आपणांस लाभली असे परंपरा मानते, तो पौलाच्या पत्रात प्रिय वैद्य म्हणून येतो.

परंतु फार दूर जाण्याचे कारण नाही. पंडिता रमाबाईंकडे पाहावे. पुराणिक पित्याची ही संस्कृतज्ञ कन्या १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाली. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून वाचविलेल्या शेकडो स्त्रिया व मुली त्यांच्या पदराखाली होत्या. एवढ्या जणींचे अन्न, औषध, शिक्षण, शिवाय शेती आणि छापखाना. या रगाड्यातच विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर आरंभिले, आणि ते वर्षानुवर्षे चालविले. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. तरीही काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी बाईंनी देह ठेवला तेव्हा भाषांतर सिद्ध होते. निवांत वेळ त्यांना कधी लाभला असेल, हे वाचकांनीच सांगावे.

टिळकांच्या घरची गोष्ट याहून बोलकी आहे. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले. १९१९ साली ते गेले तेव्हा ते अपुरे होते. ते पूर्ण कोणी केले? लक्ष्मीबाईंनी. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, पाहुण्यांनी, पोरक्या मुलांनी आणि फिरस्तीने भरलेला संसार ओढलेल्या या बाईंनी. त्याच बाईंनी आपल्या आठवणी लिहिल्या, आणि ‘स्मृतिचित्रे’चे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. त्यांत धर्मचर्चा थोडी आणि चूल, भांडण, प्रवास, हसू फार. तरीही एका स्त्रीची श्रद्धा कशी कशी पालटत गेली हे त्या पुस्तकातून जितके उमगते तितके शंभर व्याख्यानांतून उमगणार नाही. माझा आग्रह आहे तो येथे. व्यासपीठावरून बोलणाऱ्यांचे लिखाण टिकतेच; आम्हा कीर्तनकारांचे, धर्मगुरूंचे, पंडितांचे शब्द कोणी ना कोणी छापतो. परंतु रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकेला त्या दिवशी कोणत्या वचनाने धीर दिला, हे तिने लिहिले नाही तर कोणालाच कळणार नाही. मराठी ख्रिस्ती भक्तीचा तेवढा भाग नाहीसा होईल.

आमच्या काळातील उदाहरण हवे तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले, वसईच्या हिरवाईसाठी लोकलढा दिला आणि ‘सुबोध बायबल’ही सिद्ध केले. २०२० च्या उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ साली ते आपल्यातून गेले.

कोणी विचारील, स्वतःची भक्ती चार लोकांपुढे मांडणे हा अहंकार नव्हे काय? शंका रास्त आहे. डोंगरावरील प्रवचनात येशू दार लावून प्रार्थना करावयास सांगतो, आणि त्याच प्रवचनात दिवा मापाखाली ठेवू नये असेही सांगतो. मला यात विरोध दिसत नाही. लिहावे दार लावून, आणि लिहून झालेले दिवठणीवर ठेवावे. बिघाड होतो तो वाचक मोजू लागल्यावर. श्रावणातल्या धो धो पावसात सभामंडपात पाच श्रोते असतात, त्यांतला एक डुलक्या घेत असतो. म्हणून कोणी पूर्वरंग गाळीत नाही.

रीत म्हणाल तर साधी आहे. रोज एक पान लिहिण्याचा संकल्प सोडू नये. तो चार दिवसांत मोडतो. आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, दहा ओळी पुरेत. वर तारीख घालावी. महिनाभर खंड पडला तर त्याची क्षमायाचना लिहिण्यात पान वाया घालवू नये, आजच्या वचनापासून पुढे लिहावे. दुसऱ्याच्या प्रवचनातील वाक्ये उतरवून घेऊ नयेत; ती त्याच्याजवळ आहेतच.

आणखी एक विनंती, विशेषतः नगर, नाशिक व वसईकडील घरांना. नाताळच्या साफसफाईत आजीच्या ट्रंकेतील जुन्या वह्या बाहेर निघाल्या असतील. त्या रद्दीवाल्याच्या तराजूत घालण्यापूर्वी घरातील कोणीतरी एकदा बसून वाचाव्यात. लक्ष्मीबाईंच्या आठवणी कागदावर आल्या त्याही मुलाला वडिलांच्या चरित्रासाठी हव्या होत्या म्हणून.