प्रतिकूल शेरा

'क्वेकर' हा शब्द आपल्याकडच्या बहुतेक घरांना ओटच्या डब्यावरून ठाऊक झालेला असतो. रुंद कडांची टोपी घातलेला, गुबगुबीत गालांचा, हसरा म्हातारा. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलचे भय घातल्यापासून माझी सकाळ त्याच्याच दर्शनाने सुरू होते. वास्तविक त्या डब्याचा आणि क्वेकर पंथाचा काडीचाही संबंध नाही. ही माणसे व्यवहारात चोख, अशी त्यांची ख्याती; तेव्हा त्यांचे चित्र मालावर छापावे असे अमेरिकेतल्या कुणा व्यापाऱ्याला वाटले आणि १८७७ साली त्याने ते छाप म्हणून नोंदवून टाकले. उद्या कुणी तुकोबांचे चित्र तराजूवर छापावे, त्यातलाच प्रकार!

खरे क्वेकर मला भेटले ते गेल्या वर्षी. थोरले चिरंजीव बर्मिंगहॅमला असतात. सूनबाईंना दुसरे बाळ झाले म्हणून आम्ही उभयता चार महिने तिकडे होतो. घर बॉर्नव्हिल नावाच्या वस्तीत. ही वस्ती कॅडबरी चॉकलेटवाल्या जॉर्ज कॅडबरींनी वसवली. ते स्वतः क्वेकर. कामगारांना अंधाऱ्या चाळींऐवजी बागेसह घरे मिळावीत हा त्यांचा आग्रह, आणि गावात दारूचा गुत्ता नको हाही. मुंबईच्या चाळीत पंचवीस वर्षे काढलेल्या मला त्या बागा पाहून कॅडबरींचा हेवा वाटला की त्यांच्या कामगारांचा, हे अजून ठरलेले नाही.

शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक आजीबाई राहत. पूर्वी परिचारिका होत्या. आमच्या हिची आणि त्यांची मैत्री कुंपणावरून, हातवाऱ्यांच्या भाषेत जमली. एका रविवारी त्यांनी मला विचारले, "आमच्या सभेला येता का? तिथं काहीच होत नाही."

काहीच होत नाही अशा सभेचे निमंत्रण मला आयुष्यात प्रथमच मिळत होते. गेलो.

खरोखरच काही होत नाही. साधी खोली, चौकोनात मांडलेल्या खुर्च्या, मध्ये एक टेबल, टेबलावर फुलदाणी आणि दोन पुस्तके. मूर्ती नाही, क्रूस नाही, वेदी नाही, पाद्री नाही. तीसेक माणसे येऊन गप्प बसली. तासभर. कुणाला आतून बोलावेसेच वाटले तर त्याने उभे राहावे, चार वाक्ये बोलावीत आणि खाली बसावे. त्यावर कुणी वाद घालत नाही, टाळ्या वाजवत नाही. तास संपला की दोघे जाणते एकमेकांचा हात हातात घेतात, मग सगळेच शेजाऱ्याशी हस्तांदोलन करतात, आणि चहा.

पहिल्या रविवारी मी काय केले ते प्रामाणिकपणे सांगतो. पुण्याच्या घराचे वीजबिल कोण भरील याची चिंता केली. डाव्या गुडघ्याशी संवाद साधला. समोरच्या गृहस्थांचे पोट गुरगुरले तेव्हा हसू दाबले. आपल्या देवळात घंटा असते, आरती असते, नारळ फोडायचा असतो. देवासमोर नुसते बसायचे म्हणजे साहेबाच्या खोलीत फाईल न घेता जाण्यासारखे! हात कुठे ठेवावेत तेच कळेना.

चहाच्या वेळी आजीबाईंना म्हटले, "तुमचा देवावर विश्वास आहे ना?"

"काही रविवारी असतो, काही रविवारी नसतो," त्या म्हणाल्या. "यायचं मात्र चुकवत नाही."

मला हे उत्तर तेव्हा पोरकट वाटले. ही बाई एवढी वर्षे सभेला येते आणि अजून हिचे ठरत नाही! आमच्याकडे कसे सगळे ठरलेले. देवघर आहे, सोमवार आहे, चतुर्थी आहे. नवस बोललेला असला तर तो फेडण्याची तारीखसुद्धा ठरलेली.

चिरंजीवांच्या घरी करमणुकीला दुसरे काही नसल्यामुळे मी या मंडळींचा इतिहास वाचू लागलो. जॉर्ज फॉक्स हा मूळ पुरुष. जन्म १६२४ चा, म्हणजे शिवाजी महाराजांहून थोडा वडील. पाद्र्यांकडे हिंडून हिंडून कुणाकडेच समाधान मिळाले नाही, तेव्हा त्याला उमगले की देवाचा प्रकाश प्रत्येक माणसाच्या आतच आहे. मध्ये दलाल नको. १६५० साली डर्बीच्या न्यायाधीशाला तो म्हणाला, देवाच्या शब्दापुढे थरथर काप. न्यायाधीशाने चेष्टेने या लोकांचे नाव 'थरथरणारे' ठेवले. तेच क्वेकर. स्वतःला ते नुसते 'मित्र' म्हणवतात.

हे मित्र कुणापुढे टोपी काढीत नसत. शपथ घेत नसत. एरवी खोटे बोलतो असे कबूल केल्याशिवाय शपथ कशाला, हा त्यांचा मुद्दा. त्या काळी इंग्रजीत मोठ्यांना 'अहो' आणि धाकट्यांना 'अरे' असा भेद होता. हे लोक न्यायाधीशालाही 'अरे' म्हणू लागले आणि त्यापायी तुरुंगात गेले. आपण विठोबाला खुशाल अरे-तुरे करतो, पण कचेरीतल्या साहेबाला? माझ्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी साहेबाला 'अहो'च्या वर आणखी काही उपलब्ध असते तर तेही म्हटले असते.

आता कुणी विचारील, आतला आवाज देवाचा की आपल्याच लहरीचा, हे ओळखायचे कसे? प्रश्न रास्त आहे. आपल्या टिळकांनीही 'गीतारहस्या'त मनोदेवतेच्या मताची चांगलीच उलटतपासणी केली आहे. क्वेकरांना तर त्याचा चटका लवकरच बसला. जेम्स नेलर हा त्यांचा मोठा वक्ता. १६५६ साली तो घोड्यावर बसून, भक्तांच्या जयघोषात, येशूने जेरुसलेममध्ये प्रवेश केला त्या थाटात ब्रिस्टल शहरात शिरला. पार्लमेंटने त्याच्या कपाळावर डाग दिला आणि जीभ तापल्या सळईने भोसकली. शिक्षा राक्षसी होती, पण मित्रमंडळी धडा शिकली. एकट्याला गवसलेला प्रकाश दहाजणांच्या मौनात पुन्हा पारखून घ्यायचा, अशी वहिवाट पडली. आजही त्यांच्या सभेत मतदान नसते. एकमत होईपर्यंत थांबतात, कधी वर्षानुवर्षे. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत हा प्रयोग करावा असे मला वाटून गेले, आणि लगेच वाटले, नको.

गांधीजींच्या चरित्रात हे लोक वारंवार भेटतात. १८९३ साली प्रिटोरियात कोट्स नावाचा एक क्वेकर तरुण त्यांचा स्नेही झाला. गांधीजींच्या गळ्यात आईने घातलेली तुळशीची कंठी होती. कोट्सला ती अंधश्रद्धा वाटली. आण, तोडून टाकतो, म्हणाला. गांधीजींनी तोडू दिली नाही. आईने प्रेमाने घातली आहे, झिजून तुटली तर दुसरी घालणार नाही. पण आपण होऊन तोडणार नाही. दोघांची मैत्री टिकली. आतल्या प्रकाशाचा एवढा गाजावाजा करणाऱ्या पंथातला तो तरुण, पण समोरच्याच्या गळ्यातला प्रकाश काही त्याला दिसला नाही! पुढे १९३१ मध्ये गोलमेज परिषदेच्या वेळी गांधीजी बर्मिंगहॅमच्या वुडब्रुकला येऊन गेले. कॅडबरींचा हा वाडा २०२३ पर्यंत क्वेकरांचे अभ्यासकेंद्र होता. आमच्या घरापासून तो लांब नव्हता. संध्याकाळी बाबागाडी ढकलीत मी त्याच्या फाटकापर्यंत जाऊन येई. आणि आपल्या वर्ध्याच्या सेवाग्रामात मार्जरी साईक्स नावाच्या क्वेकर बाईंनी स्वातंत्र्यानंतर नयी तालीमचे काम केले, हेही मला तिकडे गेल्यावर कळले. वर्ध्याला मी दोन वर्षे बदलीवर होतो! असो.

या सगळ्या वाचनात एका माणसापाशी मी अडकलो. जॉन वूलमन. अमेरिकेतल्या न्यू जर्सीतल्या एका दुकानात तरुणपणी कारकून होता. एके दिवशी मालकाने सांगितले, घरातली गुलाम बाई विकली आहे, विक्रीखत लिहून दे, गिऱ्हाईक थांबले आहे. गिऱ्हाईक एक म्हातारा क्वेकरच. त्या काळी क्वेकरही गुलाम बाळगीत. वूलमनचे मन कचरले. पण मालकाची आज्ञा, वर्षाचा करार, म्हाताऱ्याचा मान. त्याने कागद लिहून दिला. मात्र लिहिता लिहिता दोघांच्या तोंडावर सांगितले की ही गोष्ट धर्माला धरून नाही. तेवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. पुन्हा तसा कागद लिहायची वेळ आली तेव्हा त्याने नकार दिला. मग पुढचे सारे आयुष्य तो गावोगाव, पुष्कळदा पायी, गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्या घरी जाऊन त्यांच्याशी शांतपणे बोलत राहिला. १७७२ साली यॉर्कला देवीच्या रोगाने गेला. १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या क्वेकर सभेने गुलाम बाळगण्यास बंदी केली.

हे मी शनिवारी रात्री वाचले. रविवारी सभेत जाऊन बसलो. गुडघा त्या दिवशी गप्प होता.

आणि दहा मिनिटांत मला शिऱ्याचा वास आला.

गोष्ट १९८७ ची. मी तेव्हा एका कचेरीत अधीक्षक होतो. हाताखाली सात कारकून. त्यातल्या एकाने साहेबांचे अमरावती दौऱ्याचे प्रवासभत्त्याचे बिल अडवले. साहेब कचेरीच्या जीपने गेले होते आणि बिल पहिल्या वर्गाच्या रेल्वेभाड्याचे होते. कारकुनाने त्यावर नम्रपणे टीप लिहिली. बस, एवढेच. मार्च महिन्यात गोपनीय अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा साहेबांनी मला बोलावले. चहा मागवला. म्हणाले, "त्याचं काय ते बघा. तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा." या वाक्याचा अर्थ ज्यांनी सरकारी-निमसरकारी चाकरी केली आहे त्यांना समजावून सांगायला नको.

माझ्या मसुद्यांची त्या कचेरीत ख्याती होती. मी लिहिले : कामाचा वेग समाधानकारक आहे, तथापि वरिष्ठांशी वर्तन असहकाराचे असून सचोटीबाबत निश्चित मत देता येत नाही. वूलमनने निदान तोंडावर सांगितले होते. मी चहा संपवला.

कारकुनाची बढती पाच वर्षे अडली. माझी त्याच वर्षी झाली. बढतीप्रीत्यर्थ घरी सत्यनारायण घातला, सगळ्या सेक्शनला बोलावले. तोही आला. कपाळाला गंध लावून घेतले, दोन्ही हातांची ओंजळ करून प्रसादाचा शिरा घेतला, आमच्या आईच्या पाया पडला आणि गेला. मी पोथीपुढे हात जोडून बसलो होतो. साधुवाण्याची कथा चालू होती. त्याच्या नावेतल्या धनाची पाने-वेली झाली ती खोटे बोलल्यामुळे, हे दरवर्षी ऐकत आलो होतो; त्या दिवशीही ऐकले.

सदतीस वर्षांत हे मला आठवले नव्हते असे नाही. आठवले की मी काहीतरी करीत असे. स्तोत्र म्हणे, अभिषेकाची पावती फाडी, एकदा अष्टविनायक केले. त्या खोलीत करायला काहीच नव्हते. पावती फाडणारा कुणी नव्हता. तीस अनोळखी माणसे डोळे मिटून बसली होती आणि मला उठून जाता येत नव्हते.

परतताना वाटेत आजीबाईंना सगळे सांगितले. सत्यनारायण म्हणजे काय हे समजावण्यातच अर्धा रस्ता गेला. मला वाटले होते त्या म्हणतील, देव क्षमाशील आहे. त्यांनी एवढेच विचारले, "ते गृहस्थ हयात आहेत का?"

ते हयात होते. पुण्याला परतल्यावर जुन्या सहकाऱ्यांकडून पत्ता मिळवायला दोन दिवस लागले, जायला तीन महिने. आमची ही दर आठवड्याला विचारी, "झालं का जाणं?" आणि मी पावसाचे निमित्त सांगे. शेवटी पाऊस थांबला.

दोन खोल्यांचे घर. त्यांनी मला ओळखले, "या साहेब" म्हणाले. त्या 'साहेब'ने पहिला घाव घातला. मी प्रवासात पाठ केलेले भाषण विसरलो आणि जे होते ते तसेच सांगून टाकले.

ते थोडा वेळ पंख्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मला ठाऊक होतं. शेरा टाइप करून आला होता, पण त्यात 'तथापि' होतं. तुमच्याशिवाय त्या ऑफिसात 'तथापि' कोण लिहीत होतं?"

"मग तुम्ही प्रसादाला कसे आलात?"

"देवाचं बोलावणं होतं. तुमचं थोडंच होतं?"

त्यांच्या पत्नीने चहा आणला. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पाच वर्षे पगारवाढ नसलेल्या घरात काय काय राहून गेले ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. तुम्हाला माफ केले, असे त्या घरात कुणी म्हणाले नाही, आणि मला ते मागायचा धीरही झाला नाही. आम्ही दोघे बसून राहिलो. वीस-पंचवीस मिनिटे असतील. निघताना ते फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, गुरुवारी मी घरीच असतो.

त्यानंतर चार गुरुवार झाले. बोलणे फारसे होत नाही. देवघरातली माझी पूजा चालू आहे, सोमवारही चालू आहे. फक्त मागणे सुचेनासे झाले आहे. परवा हिने विचारले, त्यांच्याकडे फराळाचा डबा पाठवायचा का? मी म्हटले, पाठवायचा नाही, मी घेऊन जाईन. पण आधी त्यांच्या पत्नींना विचारतो.

हा लेख छापायला देण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवला. नाव घालू नका म्हणाले, ते घातलेले नाही. दुसरी एकच दुरुस्ती सांगितली. साहेबांचा दौरा मी अकोल्याचा लिहिला होता; तो अमरावतीचा होता. ती केली आहे.