दोरी ओढण्यापूर्वी : करवतीच्या इंजिनातील मातीचे घर

कृषी यांत्रिकीकरणाची चर्चा बहुधा यंत्र विकत घेण्यापाशी थांबते. अनुदान किती, अश्वशक्ती किती, सुटे भाग कोठे मिळतात, एवढे प्रश्न विचारले जातात. तेच यंत्र वर्षातील आठ-नऊ महिने पडवीत पडून असते. त्या काळात त्याचे काय होते, हा प्रश्न क्वचितच पुढे येतो. झाडे तोडण्याची व छाटण्याची पेट्रोल करवत, अर्थात चेनसॉ, हे याचे ठळक उदाहरण होय. ती केवळ वापराने बिघडत नाही, पडून राहिल्यानेही बिघडते. आणि या दुसऱ्या प्रकारच्या बिघाडात कीटकांचा वाटा समजला जातो त्याहून मोठा असतो.

बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुरा भागाकडे या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. २००७ मध्ये बृहत् बंगळूर महानगरपालिकेत विलीन होईपर्यंत येथे स्वतंत्र नगरपालिका होती. तळी आणि शेतजमिनी यांच्या जागी आज माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या इमारती उभ्या आहेत. परंतु एप्रिल-मे महिन्यांतील वळवाची वादळे बदललेली नाहीत. या वादळांत रस्त्याकडेचे गुलमोहर, पर्जन्यवृक्ष उन्मळून पडतात आणि काही तासांत रस्ता मोकळा करावा लागतो. कोकणातील बागायतदारांना हा अनुभव नवा नाही. ३ जून २०२० रोजीचे निसर्ग चक्रीवादळ आणि मे २०२१ मधील तौक्ते यांनी आंबा, नारळ व सुपारीच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा हीच गरज निर्माण झाली. शहर असो वा बाग, महिनोन्महिने न लागलेली करवत एके दिवशी तत्काळ सुरू व्हावी लागते. नेमक्या त्याच दिवशी ती सुरू होत नाही.

कारण अनेकदा मूठभर मातीत असते. कुंभारीण माशीच्या काही जाती भिंतीच्या कोपऱ्यात मातीचे घर बांधतात, तर काही जाती तयार छिद्र शोधून तेच मातीने बुजवतात. पेन्सिल जाईल एवढे, वाऱ्यापावसापासून सुरक्षित असे छिद्र त्यांना विशेष मानवते. करवतीच्या सायलेन्सरचे तोंड, हवा आत घेणाऱ्या फटी आणि थंडावा देणाऱ्या पंख्याचे आवरण या तिन्ही जागा या वर्णनात बसतात. पाने कातरून घरटे करणाऱ्या एकाकी मधमाश्या, मुंग्या आणि कोळी हेही अशा पोकळ्यांत शिरतात.

हा प्रश्न शेतकऱ्याच्या पडवीपुरता नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन विमानतळावर सुमारे दोन तास उभ्या असलेल्या एका प्रवासी विमानाची वेग मोजणारी नळी कुंभारीण माशीने मातीने बुजवली आणि उड्डाणानंतर लगेच वैमानिकांना परत उतरावे लागले. तेथे शोधलेला उपाय साधा होता : विमान उभे असताना नळीवर टोपण घालणे. दोन तासांत विमानाची जी गत होते, ती आठ महिने पडलेल्या करवतीची होणार नाही, असे मानण्यास आधार नाही.

मातीने बुजलेल्या इंजिनाचे खरे नुकसान माशी करत नाही. ते माणसाच्या घाईने होते. करवत सुरू होत नाही असे दिसताच दहा-वीस वेळा जोराने दोरी ओढली जाते. टू-स्ट्रोक इंजिनात हवा व इंधनाचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये आणि तेथून सिलिंडरमध्ये जाते. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी सुटी माती असेल, तर प्रत्येक झटक्यागणिक तिचे कण आत ओढले जातात. मातीतील वाळूचा कण पिस्टन व सिलिंडरच्या मध्ये सापडला की उभे ओरखडे पडतात, दाब कमी होतो आणि काडीने निघाला असता असा अडथळा पिस्टन-सिलिंडर बदलण्याच्या खर्चापर्यंत जातो. म्हणून पहिला नियम असा असावा : पडून राहिलेल्या करवतीची दोरी ओढण्यापूर्वी तिची सर्व तोंडे तपासावीत.

निदानही क्रमाने व्हावे. प्रत्येक बिघाडाचे खापर कीटकांवर फोडणे चुकीचे आहे. जुने, खराब झालेले इंधन हे इंजिन सुरू न होण्याचे नेहमीचे कारण असते. ते आधी बदलून पाहावे. त्यानंतर लक्षणेच जागा दाखवतात. इंजिन मंद गतीवर चालते, पण वेग घेताच गुदमरते, तेव्हा एअर फिल्टर किंवा सायलेन्सरची जाळी बुजलेली असण्याची शक्यता मोठी. काही मिनिटे चालून बंद पडते आणि इंधन टाकीचे झाकण सैल करताच पुन्हा नीट चालते, तेव्हा टाकीत हवा घेणारे छिद्र बंद झालेले असते. वारंवार दोरी ओढूनही स्पार्क प्लग कोरडाच राहतो, तेव्हा इंधन पोहोचत नाही. तो ओलाचिंब होतो, तेव्हा ठिणगी तपासावी व हवेची वाट पाहावी. इंजिन थोड्याच वेळात अतिशय तापते, तेव्हा सिलिंडरच्या पात्यांमध्ये माती व भुसा साचलेला असतो.

दुरुस्तीचे पहिले पाऊल म्हणजे इंजिन थंड असताना स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवणे. घरट्यात जिवंत माशी असू शकते, म्हणून हातमोजे घालावेत. एअर फिल्टर काढण्यापूर्वी चोक बंद करावा, म्हणजे सुटलेली माती कार्ब्युरेटरमध्ये पडणार नाही. माती कोरडीच, लाकडी काडीने व ब्रशने, करवत कलती धरून बाहेरच्या दिशेला काढावी. पाणी घातल्यास तिचा चिखल होऊन ती आत झिरपते. सायलेन्सर उतरवल्यावर दोरी हळूहळू ओढून पिस्टन एक्झॉस्टच्या छिद्रासमोर आणावा, म्हणजे ते झाकले जाईल, मगच खरवडावे. याच वेळी छिद्रातून पिस्टनची बाजू दिसते. ती गुळगुळीत असेल तर चिंता नाही. उभे ओरखडे दिसले तर इंजिन सुरू न करता कारागिराकडे न्यावे. कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे तारेने टोचू नयेत आणि त्यावर जोराची दाबहवा सोडू नये. छिद्र मोठे होते, आतील पातळ पडदा फाटतो. कार्ब्युरेटर उघडणे हे कारागिराचेच काम आहे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. कारागीर उपलब्ध असताना शेतकऱ्याने किंवा विस्तार कार्यकर्त्याने हे सारे का शिकावे? पहिले उत्तर असे की वादळाच्या दिवशी कारागिराकडे जाणारा रस्ताच झाडाने अडलेला असतो. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. मोठे नुकसान कारागिराकडे जाण्यापूर्वीच्या पहिल्या काही झटक्यांत होते. ते टाळणे केवळ वापरणाऱ्याच्या हाती असते.

दुसरा मोह कीटकनाशकाचा. शेडमध्ये फवारणी केली की माशी येणार नाही, असा विचार सहज सुचतो. परंतु कुंभारीण माशी शत्रू नव्हे. तिच्या काही जाती पिलांसाठी कोळी साठवतात, तर अनेक जाती अळ्या पकडून आणतात आणि पिकावरील अळ्यांच्या नियंत्रणास हातभार लावतात. बंगळूरमध्येच हेब्बाळ येथे राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो आहे; कीटक ही संपत्ती आहे, हा विचार त्या संस्थेच्या नावातच आहे. चार रुपयांच्या टोपणाने जे साधते, त्यासाठी मित्रकीटक मारणे हा सौदा तोट्याचा आहे. सायलेन्सर थंड झाल्यावर त्याच्या तोंडात कापडाचा लाल बोळा बसवावा, हवेच्या फटींवर बारीक जाळी बांधावी आणि संपूर्ण करवत जाड कापडी पिशवीत ठेवावी. बोळा लाल असावा व त्याची शेपटी बाहेर लोंबत असावी, म्हणजे सुरू करण्यापूर्वी तो काढण्याचे विस्मरण होणार नाही.

कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून राबवले जात आहे आणि अवजारे बँकांमुळे सामायिक यंत्रे गावोगावी पोहोचली आहेत. सामायिक यंत्राची अडचण अशी की ते वापरणारे अनेक आणि ठेवणारा कोणीच नसतो. म्हणून प्रत्येक अवजारे बँकेत यंत्र परत घेताना तोंडे झाकल्याची आणि बाहेर देताना ती तपासल्याची नोंद व्हावी. कृषी विज्ञान केंद्रांनी पावसाळ्यापूर्वीच्या प्रशिक्षणात चालू करवतीच्या प्रात्यक्षिकाबरोबर मातीने बुजलेली एक करवतही समोर ठेवावी आणि ती प्रशिक्षणार्थींकडूनच उघडून घ्यावी. यासाठी नवे अनुदान लागत नाही. दीड-दोन तास लागतात. मे महिना उजाडण्यापूर्वी ते दिले गेले, तर पहिल्या वादळाच्या दिवशी दोरीचा पहिला झटका वाया जाणार नाही.