पाचशे पंचवीस पटींचा मोह

बँकेत बत्तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी कर्ज खात्यात. समोर आलेल्या कागदावरचा सर्वांत मोठा आकडा सर्वांत आधी तपासायचा, ही त्या नोकरीची शिकवण. दहा हजारांच्या भांडवलावर दहा लाखांची उलाढाल दाखवणारा अर्ज आला की आम्ही अर्जदाराला चहा पाजायचो आणि अर्ज बाजूला ठेवायचो. अशा माणसानं एका खोक्यावरच्या आकड्याला भुलावं, हे सांगताना आजही ओशाळल्यासारखं होतं. तरी सांगतो. कारण पैसे माझे गेले असले, तरी त्या भुलण्याची खरी किंमत माझ्या नातीनं मोजली.

साल २०२०. मुलांची शाळा मोबाइलच्या पडद्यावर भरत होती आणि नात नऊ वर्षांची होती. २१ डिसेंबरला गुरू आणि शनी एकमेकांच्या इतके जवळ दिसणार होते, की दोघांत जेमतेम सहा कलांचं, म्हणजे अंशाच्या दहाव्या भागाएवढं अंतर राहणार होतं. इतके जवळ ते १६२३ नंतर आले नव्हते. वर्तमानपत्रांत रोज त्याचीच चर्चा. मी ठरवलं, नातीला दुर्बीण घ्यायची. घरपोच आलेल्या खोक्यावर शनीचं भलंमोठं, रंगीत चित्र होतं आणि त्याखाली ठळक लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘५२५ पट’.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर गेलो. नैर्ऋत्येला दोन्ही ग्रह नुसत्या डोळ्यांना छान दिसत होते. पाचशे पंचवीस पटींचे पैसे मोजले होते, तेव्हा पाचशे पंचवीस पटींनीच बघायचं, या हिशेबानं मी सोबत आलेली सगळी भिंगं एकापुढे एक चढवली. आत दिसला एक करडा, थरथरणारा डाग. तोही हां हां म्हणता बाजूला सरकून नाहीसा व्हायचा. पुन्हा शोधा, पुन्हा स्क्रू पिळा, पुन्हा डाग. अर्ध्या तासात ग्रह समोरच्या इमारतीमागे गेले.

“आबा, मला काहीच दिसत नाहीये.”

“नीट बघ. एक डोळा मिट.”

“मिटला. माझे डोळे खराब आहेत का?”

मी “नाही गं” म्हटलं, पण ते तिला पटलं नसावं. कारण आबा चुकतात हे तोवर तिला ठाऊक नव्हतं. आठ-दहा दिवसांनी दुर्बीण माळ्यावर गेली. तिनंही पुन्हा तिचं नाव काढलं नाही.

तीन वर्षांनी, २०२३ च्या डिसेंबरमध्ये, गावाबाहेरच्या एका मैदानावर हौशी मंडळींचा आकाशदर्शनाचा कार्यक्रम होता. दुर्बीण विकावी की मोडीत काढावी, एवढंच विचारायला मी ती घेऊन गेलो. नात नाइलाजानं सोबत आली. तिथल्या एका कॉलेजातल्या मुलानं दुर्बीण हातात घेतली, शेपटाकडची भिंगं उपसून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, “काका, ही घरीच ठेवा.” मग खोक्यातलीच, मी कधी लावूनही न पाहिलेली एक नेत्रिका त्यानं बसवली आणि नळी गुरूकडे वळवली.

नात वाकली आणि बराच वेळ हललीच नाही. एक टपोरी, स्वच्छ चकती आणि तिच्या आजूबाजूला ओळीनं चार ठिपके. गुरूचे चार चंद्र.

“आबा, हे त्या दिवशीपण होते?”

“होते,” मी म्हटलं. यापलीकडे बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

घरी आल्यावर रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जो हिशेब तीन वर्षांपूर्वी करायला हवा होता, तो केला. वाचकहो, तो इतका सोपा आहे, की सातवीतल्या मुलालाही जमेल.

दुर्बिणीला दोन टोकं. पुढच्या टोकाला मोठं भिंग किंवा आरसा असतो. तो प्रकाश गोळा करतो. मागच्या टोकाला आपण डोळा लावतो ती नेत्रिका, म्हणजे आयपीस; ती पुढच्या भिंगानं तयार केलेली प्रतिमा मोठी करून दाखवते. दोन्हींवर मिलिमीटरमध्ये नाभीय अंतर लिहिलेलं असतं. पुढच्याला मागच्यानं भागलं, की किती पट ते कळतं. माझ्या दुर्बिणीचं नाभीय अंतर ७००. नेत्रिका २० ची असेल तर ३५ पट. ४ ची असेल तर १७५ पट. म्हणजे नेत्रिकेवरचा आकडा जितका लहान, तितकं चित्र मोठं. नवशिक्याची पहिली गफलत इथेच होते. मध्ये तिप्पट करणारं बार्लो भिंग घातलं, की १७५ चे होतात ५२५. खोक्यावरचा आकडा खोटा नव्हता. दहा हजारांवर दहा लाखांची उलाढालही कागदावर खोटी नसते!

प्रश्न भांडवलाचा आहे. दुर्बिणीचं भांडवल म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास. माझ्या दुर्बिणीत ६० मिलिमीटर. प्रकाश जमा होतो तो तिथेच. नेत्रिका त्यात एका किरणाचीही भर घालत नाही, आहे तोच प्रकाश पसरून देते. ३५ ऐवजी ५२५ पट केलं, तर चित्र पंधरा पट रुंद आणि पंधरा पट उंच होतं. म्हणजे तेवढाच प्रकाश २२५ पट जागेवर पसरतो. पासबुकातली शिल्लक मोठ्या टायपात छापली म्हणून खात्यात रुपया वाढत नाही, तशातली गत.

जाणकारांचा ढोबळ नियम असा, की भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीहून अधिक पटींची हाव धरू नये. माझ्या दुर्बिणीला १२० ची मर्यादा. त्यापुढे चित्र वाढतं, तपशील वाढत नाही. शिवाय डोक्यावरची हवा सतत हलत असते आणि ग्रह क्षितिजाजवळ असेल तर जास्तच. ती थरथरही आपण तितक्याच पटींनी मोठी करतो.

शेवटचा हिशेब मात्र मनाला लागला. अशा साध्या नेत्रिकेतून दिसणारं वर्तुळ चाळीस अंशांचं धरलं, तर ५२५ पटींत आकाशाचा साडेचार कलांएवढाच तुकडा दिसतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ग्रह तो तुकडा अठरा-एकोणीस सेकंदांत ओलांडून जातो. आणि त्या दिवशी गुरू-शनींमधलं अंतर होतं सहा कला. म्हणजे मी लावलेल्या भिंगांतून ते दोघं एकत्र दिसणं शक्यच नव्हतं! याउलट ३५ पटींत पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढं आकाश दिसतं. गुरू, त्याचे चंद्र आणि कडीवाला शनी, सगळे एकाच चित्रात, आणि ते चित्र दाखवणारी नेत्रिका खोक्यातच पडून होती.

कुणी म्हणेल, मुलांना मोठं दाखवलं नाही तर गोडी कशी लागणार? गॅलिलिओनं १६१० मध्ये गुरूचे चंद्र पाहिले ते सुमारे वीस पटींच्या दुर्बिणीतून. हायगेन्सनं १६५५ मध्ये शनीचा टायटन शोधला तो सुमारे पन्नास पटींतून. गुरू पृथ्वीजवळ असतो तेव्हा अवघ्या चाळीस पटींत तो नुसत्या डोळ्यांच्या चंद्राएवढा होतो. तरी तो लहान वाटतो, कारण आपल्या मनात यानांनी काढलेली छायाचित्रं असतात. खोक्यावर तेच छायाचित्र छापून विकणारा मुलांना एक वचन देतो, जे त्याची दुर्बीण कधीच पाळू शकत नाही. आणि मुलं विक्रेत्याला दोष देत नाहीत, स्वतःला देतात. माझी तक्रार आहे ती एवढ्याचसाठी. औषधाच्या बाटलीवर मात्रा छापतात, तसा दुर्बिणीच्या खोक्यावर भिंगाचा व्यास आणि त्याला झेपणारी कमाल पट मोठ्या अक्षरांत छापायला काय हरकत आहे?

ते होईल तेव्हा होईल. तोवर आई-बाबांना आणि आजी-आजोबांना एवढंच सांगेन, की दुर्बीण घेण्याची घाई करू नका. आधी वर्षभर नुसत्या डोळ्यांनी मृग, कृत्तिका, सप्तर्षी ओळखा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशींना आकाश दाखवते आहे. तुमच्याही आसपास असं मंडळ असेल. तिथे दहा दुर्बिणींना डोळा लावा, मग पाकिटाला हात घाला. पहिली खरेदी दोन डोळ्यांच्या दुर्बिणीची, म्हणजे बायनॉक्युलरची करा. तिच्यावरच्या ‘७ × ५०’ मध्ये पहिला आकडा पटींचा, दुसरा भिंगाच्या व्यासाचा. मोठी दुर्बीण घेतलीच, तर व्यास विचारा, तिपाई हलवून बघा आणि नेत्रिका सव्वा इंची नळीत बसणारी घ्या, म्हणजे पुढे बदलता येईल. २५ ची एक आणि १० ची एक, सुरुवातीला एवढ्या दोन पुरेत. आणि नेत्रिकेवर लावायची काळी ‘सूर्याची काच’ सोबत आली असेल, तर ती त्याच दिवशी फोडून टाका. उन्हानं तापून ती तडकते आणि डोळा जातो. सूर्याकडे दुर्बीण वळवायचीच नाही.

आमची दुर्बीण आता माळ्यावर नसते. बार्लो भिंग माझ्या टेबलाच्या खणात, जुन्या शिक्क्यांच्या शेजारी ठेवलं आहे. गुरू आणि शनी इतके जवळ पुन्हा येतील ते २०८० च्या मार्चमध्ये. मी अर्थातच नसेन. नात तेव्हा जवळपास माझ्या आजच्या वयाची असेल. तिच्यासोबत कदाचित तिचं एखादं नातवंड असेल. कोणती नेत्रिका लावायची, हे तिला कुणाला विचारावं लागणार नाही.