डेडस्टॉक

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. कारण तसं घरगुतीच आहे. आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली आहे. पाच वर्षं मीटिंगा, भांडणं आणि बटाटेवडे झाल्यावर अखेर सह्या झाल्या. आता दिवाळीनंतर घर रिकामं करायचं आणि दोन-अडीच वर्षं भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहायचं. सौ.नी लगेच तीन सदरांची यादी केली : न्यायचं, द्यायचं, टाकायचं. 'टाकायचं' या सदरात पहिल्याच क्रमांकावर चार शब्द होते, 'मागच्या खोलीतले सगळे कॉम्प्युटर'.

मागच्या खोलीत चोवीस कॉम्प्युटर आहेत. नऊ बीबीसी मायक्रो, सहा स्पेक्ट्रम, दोन कमोडोर ६४, आणि बाकी सात म्हणजे नुसते बोर्ड नाहीतर नुसते कीबोर्ड. सगळे १९८० च्या दशकातले, सगळे सेकंडहँड. त्यातले सुरू होतात ते सात. बाकीच्यांबद्दल मी गेली दहा वर्षं "करायचेत" असं म्हणतोय.

भांडण्याच्या तयारीनेच मी ती यादी हातात घेतली होती, पण विचार करता करता लक्षात आलं की सौ. निम्म्याहून जास्त बरोबर आहेत. ते का, आणि उरलेलं का नाही, एवढंच सांगायचंय.

नातेवाइकांपैकी काहींना हे प्रकरण सुरू कसं झालं ते ठाऊक नसेल. मी मराठीचा मास्तर. बी.ए. मराठी माध्यमातून, कॉम्प्युटरशी संबंध शून्य. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांमधून संगणक साक्षरतेचा 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला देशभरातल्या अडीचशेच्या आसपास शाळा त्यात होत्या, पुढे वाढत गेल्या. त्यासाठी निवडलेलं यंत्र होतं इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचं बीबीसी मायक्रो. तिकडे बीबीसीने टीव्हीवरून लोकांना कॉम्प्युटर शिकवायचं ठरवलं, त्या उपक्रमासाठी १९८१ च्या डिसेंबरात हे यंत्र बाजारात आलं होतं. बत्तीस के मेमरी. आज मोबाइलवर पाठवलेलं एक 'शुभ सकाळ' त्यात मावणार नाही.

पुढे आमच्याही शाळेत दोन आले. गणिताच्या सरांनी "मला रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत" म्हणून हात वर केले आणि ट्रेनिंगला मला पाठवलं. परत आलो तो किल्ली घेऊनच. खोलीला पडदे लावले. चपला बाहेर काढायच्या असा नियम केला. यंत्रांना सौ.नी शिवलेली कापडी कव्हरं घातली. आणि माझ्या हाती दिलेली वस्तू बिघडली तर डेडस्टॉक रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे काय लिहितील, या भीतीने मी दोन वर्षं मुलांना फळ्यावरच कॉम्प्युटर शिकवला! कीबोर्डचं चित्र काढून.

नववीतली एक मुलगी होती. रोज मधल्या सुट्टीत दाराशी येऊन विचारायची, "सर, एकदा दाबून बघू?" मी म्हणायचो, "आधी थिअरी पूर्ण होऊ दे." थिअरी पूर्ण झाली तर वीज नसायची. वीज असली तर परीक्षा असायची. मुलगी दहावी होऊन गेली. तिने त्या यंत्राची एकही कळ दाबली नाही. ती आता पन्नाशी ओलांडून गेली असेल. मला तिचं नाव आठवतं, पण इथे लिहीत नाही.

१९९८ च्या सुमारास ती यंत्रं निर्लेखित झाली. रजिस्टरात लाल शाईने आडवी रेघ आणि खाली माझी सही. भंगारवाल्याने वजनावर नेली. कव्हरं मात्र अगदी नवी होती.

निवृत्तीनंतर, २००९ साली, एका रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात नळाच्या तोट्या आणि जुन्या घड्याळांच्या मध्ये मला ते फिक्या रंगाचं खोकं दिसलं. वरच्या ओळीत त्या लालसर नारिंगी कळा. मागे पांढऱ्या ऑइल पेंटने डेडस्टॉकचा नंबर घातलेला. नंबर आमच्या शाळेचा नव्हता, दुसऱ्या कुठल्या तरी शाळेचा होता. म्हणजे तिकडेही कुणीतरी सही केली होती. तीनशे रुपयांत घरी आणलं.

आणि आणल्या आणल्या प्लग लावला. ही माझी पहिली चूक, आणि कुणी या नादाला लागणार असेल तर त्याने ही एक गोष्ट तरी लक्षात ठेवावी. जुनं यंत्र आणलं की आधी उघडायचं, लावायचं नाही. वीज जिथून आत येते तिथे एक विशिष्ट प्रकारचा कपॅसिटर असतो (आपले टीव्हीवाले त्याला कंडेन्सर म्हणतात). वर्षानुवर्षं पडून राहिला की त्याच्या कवचाला तडे जातात, आत दमटपणा शिरतो, आणि वीज मिळाल्यावर काही वेळाने तो धूर सोडतो. आमच्याकडे खोली भरून धूर झाला. सौ. स्वयंपाकघरातून पाण्याची कळशी घेऊन आल्या, ती कशीबशी अडवली. खरं म्हणजे बाकीचं यंत्र त्यातून वाचतं. कपॅसिटर काही रुपयांचा असतो, तो बदलला की झालं.

गल्लीतल्या एका टीव्ही मेकॅनिककडे महिनाभर बसून सोल्डरिंग शिकलो. तपकीर गल्लीत सुट्या भागांसाठी खेटे घातले. त्या महिन्यानंतर एका संध्याकाळी बटण दाबलं आणि यंत्राने तो ओळखीचा आवाज केला, आधी खालच्या पट्टीतला लांब 'बूऽऽऽ' आणि मग छोटा 'बीप'. मी एकटाच होतो खोलीत. शाळेत असताना हा आवाज मी मुलांना मोजून किती वेळा ऐकवला असेल? दहा?

मग नाद लागला. भाच्याने इंग्लंडहून स्पेक्ट्रम पाठवला. सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीचा, १९८२ चा, रबरी कळांचा. (हे गृहस्थ २०२१ मध्ये वारले.) भारतातही परवान्याने बनवलेला 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात विकला जायचा, काहींनी तो पाहिलाही असेल. टीव्हीला जोडायचा, आणि प्रोग्रॅम साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून भरायचा. तो भरताना पडद्याच्या कडेने रंगीत पट्टे नाचतात आणि मोठा गेम भरायला पाचेक मिनिटं लागतात. भाच्याने अॅडॉप्टर पाठवला नव्हता. नऊ व्होल्टचा घरात एक होता तो मी लावला. स्पेक्ट्रमच्या पिनेत मधला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो, बहुतेक अॅडॉप्टरच्या बरोबर उलटा. यंत्र तिथल्या तिथे गेलं. चाळीस वर्षांच्या आसपास टिकलेली वस्तू माझ्या हातून दोन सेकंदांत गेली, तेही पिनेवरचं चिन्ह न वाचल्यामुळे.

असो. आता मूळ मुद्दा.

माझं पहिलं मत असं की, आपण संग्रह म्हणतो त्यातला बराचसा भाग हा साठा असतो. जे यंत्र मी दहा वर्षांत उघडलेलं नाही ते मी वाचवलेलं नाही. भंगारवाल्याच्या गोदामातून माझ्या खोलीत हलवलंय इतकंच. उलट तिकडे निदान कुणी दुसरा घेऊन गेला असता. चांगल्या बोर्डावरचे भाग काढून इतरांची यंत्रं चालू करता येतात, स्पेक्ट्रमच्या कळांखालची प्लॅस्टिकची पातळ पट्टी वाळून तुटते तीही आता नवी बनवून मिळते. मी मात्र "होईल कधीतरी" म्हणून सगळं धरून बसलो. हे पुस्तकांच्या बाबतीतही होतं, साड्यांच्या बाबतीतही होतं (हे वाक्य सौ.ना दाखवू नये).

दुसरा प्रश्न भाचा नेहमी विचारतो. "मामा, हे सगळे कॉम्प्युटर आता मोबाइलमध्ये फुकट चालतात. हुबेहूब. मग हे लोखंड कशाला?" त्याचं म्हणणं खरं आहे, आणि जुने प्रोग्रॅम जपायला तोच मार्ग चांगला. गंमत म्हणजे त्याच्या मोबाइलचं मूळही या खोक्यापाशीच जातं. बीबीसी मायक्रोवर काम केलेल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या दोघांनी पुढे एकॉर्नमध्येच नवा प्रोसेसर रचला. त्याची पहिली चिप १९८५ च्या एप्रिलमध्ये चालली. तोच एआरएम. आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये त्याच घराण्यातला प्रोसेसर असतो.

पण मोबाइलमधला बीबीसी मायक्रो हा पडद्यावरचा आहे, आणि मुलांना पडदे आपण पुष्कळ दिलेत. ते सुरू केले की आधी सतरा चित्रं येतात. 'तुला काय हवं ते यातून निवड' म्हणतात. हे यंत्र सुरू केलं की दोन-तीन ओळी येतात, खाली एक बाणासारखी खूण येते आणि ते गप्प बसतं. तुम्ही काही सांगितल्याशिवाय ते काहीच करत नाही. दहा वर्षांच्या मुलाला त्या शांततेची आधी भीती वाटते, मग चीड येते, आणि मग तो काहीतरी टाइप करतो.

आमच्या नातीने आणि तिच्या मैत्रिणींनी मे महिन्यात त्यावर 'अ' काढला. या यंत्राला देवनागरी येत नाही, पण आपलं अक्षर आपण घडवू शकतो. आलेखाच्या वहीत आठ बाय आठ घरं आखायची आणि हवी ती रंगवायची. प्रत्येक घराला किंमत असते, डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. ओळीतल्या रंगवलेल्या घरांची बेरीज करायची. अशा आठ ओळींच्या आठ संख्या यंत्राला दिल्या की अक्षर तयार. वरची आठही घरं भरली की बेरीज २५५. म्हणजे शिरोरेषा म्हणजे २५५! चौतीस वर्षं मराठी शिकवलं, पण शिरोरेषेची ही व्याख्या मला नातीने दिली. त्यांचा पहिला 'अ' बेडकासारखा दिसत होता. दीड तास भांडून त्यांनी तो सुधारला. द्विमान पद्धत शिकलो हे त्यांना कळलंही नाही.

तिसरं मत, काचेच्या कपाटाबद्दल. काही संग्राहक यंत्र लखलखीत करतात, पिवळं पडलेलं प्लॅस्टिक हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरं करतात, आणि मग त्याला हात लावू देत नाहीत. संग्रहालयाने तसं करणं मला समजतं. घरात मात्र ते मला आमच्या शाळेच्या खोलीसारखं वाटतं, नवी कव्हरं आणि बंद दार. माझी यंत्रं पिवळीच आहेत. कपॅसिटर, पट्ट्या, वायरी मी बिनधास्त बदलतो. पोथीची शिवण उसवली तर आपण ती पुन्हा शिवतोच, त्याने पोथी खोटी होत नाही. ती वाचता येते हे महत्त्वाचं. आणि मुलांनी दाबून दाबून एखादी कळ मोडली तर? मोडू दे. ती ज्या कामासाठी केली होती त्या कामात मोडली.

तर सौ.च्या यादीत मी अशी दुरुस्ती सुचवली आणि ती (आश्चर्य म्हणजे) मंजूर झाली. सात सुट्या बोर्ड-कीबोर्डांसह बंद पडलेली सतरा यंत्रं 'द्यायचं' या सदरात गेली. ज्यांना सोल्डरिंग येतं आणि जे महिन्याभरात उघडून बघतील अशा दोन तरुण नादिष्टांना ती जातील, भंगारात नाही. एरवी ही यंत्रं फोडून, जाळून आतला धातू काढतात, ते माणसांनाही वाईट आणि हवेलाही. सुरू असलेल्या सातांपैकी सहा एका जुन्या विद्यार्थ्याच्या शाळेत. त्याने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "सर, कुलूप कसलं लावू?"

मी म्हटलं, कुलूप लावायचं नाही, कव्हर घालायचं नाही, आणि डेडस्टॉकला चढवलीत तरी कुणाच्या नावावर चढवू नका. बिघडलं तर मला फोन कर, जोवर हात थरथरत नाहीत तोवर मी एसटीने येईन. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, आमच्या वेळी तर..." मी म्हटलं, "हो. म्हणूनच."

सातवं, पांढऱ्या नंबराचं, माझ्याबरोबर वन बीएचकेमध्ये येतंय. दिवाणाखाली जागा मिळाली आहे. नातीने अजून 'आ'पासून पुढे काढायचं आहे आणि काना कुठल्या घरात बसवायचा यावरून आमचे मतभेद आहेत.